साखरेची गोळी सांध्यांसाठी?

बीबी गावाच्या परिसरात सोयाबीनची सोंगणी आटोपली की हात दुखतात, त्यात नवल नाही. पण सकाळी तासभर मूठच वळत नसेल, दोन्ही हातांची बोटे मुळाशी सुजत असतील, तर दोष विळ्याचा नसावा. हा आमवात असू शकतो. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. म्हातारपणी झिजलेला गुडघा वेगळा, हा आजार वेगळा.

आमवातावरची जुनी औषधे बहुतेक परक्या घरून आलेली. मेथोट्रेक्सेट कॅन्सरचे, हायड्रॉक्सीक्लोरोक्विन मलेरियाचे. या दुसऱ्या गोळीने साखरही उतरते असे दिसले आणि 2014 मध्ये भारतात तिला मधुमेहावर जोड-औषध म्हणून परवानगीही मिळाली. आता उलट दिशेने मेटफॉर्मिन निघाले आहे.

1957 मध्ये फ्रान्सच्या जाँ स्टर्न यांनी मधुमेहावरचा त्याचा उपयोग मांडला. ते यकृतातून रक्तात उतरणारी साखर कमी करते, हे आपल्याला ठाऊक असते. शिवाय ते पेशीतले एएमपीके नावाचे विकर चेतवते. इंधन कमी पडले की पेशीला काटकसर करायला लावणे हे त्या विकराचे काम. सूज पेटवणाऱ्या पेशींची वाढ मात्र उधळपट्टीवरच चालते. एएमपीके चेतले की एमटॉर ही वाढीची यंत्रणा मंदावते आणि सांधे पोखरणाऱ्या टीएच-17 पेशींना आवर बसतो.

हे उंदरांत दिसले, मग माणसांत तपासले गेले. 2021 मध्ये इजिप्तमधल्या 120 रुग्णांच्या चाचणीत निम्म्यांना मेथोट्रेक्सेटसोबत मेटफॉर्मिन दिले, बाकीच्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. बारा आठवड्यांनी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचे सांधे अधिक सुधारले होते. निकाल आशेचा आहे, पण बारा आठवड्यांत हाड वाचले की नाही ते कळत नाही. त्यासाठी मोठ्या, काही वर्षे चालणाऱ्या चाचण्या हव्यात.

खरी अडचण पैशाची, असे मला वाटते. पेटंट केव्हाच संपलेल्या, रुपया-दोन रुपयांच्या गोळीवर कोट्यवधी खर्च करण्यात कंपनीला रस कशाला असेल? हा खर्च सरकारी संशोधन संस्थांनीच उचलायला हवा.

तोवर घरातल्या मधुमेहींच्या डब्यातली गोळी सांध्यांसाठी उचलू नये. मूत्रपिंड कमजोर असेल तर ती अंगलट येते, वर्षानुवर्षे घेतल्यास बी-12 घटू शकते. मेथोट्रेक्सेट तर मुळीच परस्पर थांबवू नये. आणि दुखणे झटक्यात उतरवणाऱ्या पुडीत स्टिरॉइड असेल, तर साखर चढलीच म्हणून समजा.