पिशवी काढण्यापूर्वी

दसरा-दिवाळी सरली की मांजरसुंब्याच्या चौकातून ऊसतोड कामगारांच्या गाड्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे जाऊ लागतात. आई-वडील फडात आणि लेकरे वसतिगृहात, ही या परिसरातील अनेक कुटुंबांची वर्षानुवर्षांची रीत आहे. या स्मरणिकेच्या वाचकांत अशा कुटुंबांतील माजी विद्यार्थी आणि पालक असणार, हे ध्यानात घेऊन आम्ही येथे एका नाजूक पण अत्यंत निकडीच्या विषयाची माहिती देत आहोत. तो विषय म्हणजे गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया, अर्थात आपल्या बोलीत ‘पिशवी काढणे’.

बीड जिल्ह्यात अशा शस्त्रक्रिया मोठ्या प्रमाणावर होत असल्याची चर्चा झाल्यावर २०१९ साली शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढले गेल्याचे आढळले. म्हणजे शंभरात जवळपास सतरा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांमध्ये हे प्रमाण देशभरात शंभरात सुमारे तीन होते. दोन्ही पाहण्यांचे वयोगट तंतोतंत सारखे नसले तरी हा फरक विचार करावयास लावणारा आहे.

याची कारणे केवळ शरीरात नाहीत. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल घेतलेली असते आणि एक दिवस काम चुकले तर खाड्याचे पैसे कापले जातात. फडात शौचालय नाही, न्हाणीघर नाही, पाळीच्या दिवसांत पुरेसे पाणी नाही, आणि डोक्यावर उसाची जड मोळी. अशा स्थितीत जंतुसंसर्ग होतो, तो अंगावर काढला जातो, आणि मग ‘पिशवी काढली की कटकट मिटेल’ हा सल्ला सोपा वाटू लागतो. कामगार स्त्रीला प्रसूतीच्या काळात विश्रांती मिळावी, यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकाची बाजू घेतली होती. श्रमणाऱ्या स्त्रीच्या शरीराची काळजी हा हक्काचा प्रश्न आहे, हे तेव्हाच सांगितले गेले होते.

आता मूळ तक्रारींकडे वळू. अंगावरून पांढरे जाणे हा प्रत्येक वेळी आजार नसतो. दोन पाळ्यांच्या मध्यावर अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा, वास नसलेला स्राव जाणे नैसर्गिक आहे. खाज सुटणे, दह्यासारखा, हिरवट-पिवळा किंवा दुर्गंधी असलेला स्राव, ओटीपोटात दुखणे, ताप ही संसर्गाची लक्षणे होत. बहुतेक संसर्ग योग्य औषधांनी काही दिवसांत बरे होतात. मात्र काही संसर्गांत पतीनेही उपचार घेणे आवश्यक असते, अन्यथा तोच आजार पुन्हा उलटतो. पांढरे जाते एवढ्याच कारणासाठी गर्भाशय काढण्याची गरज नसते.

पाळीत जास्त जाणे ही दुसरी तक्रार. त्यामागे संप्रेरकांचा असमतोल, गर्भाशयातील गाठी किंवा थायरॉइडचा विकार असू शकतो. रक्तातील हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेल्यास स्त्रीला रक्तक्षय आहे असे मानतात. अशा वेळी लोहाच्या गोळ्या आणि रक्तस्राव आटोक्यात आणणारी औषधे हा पहिला उपाय असतो. गर्भाशयातील बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात आणि पाळी गेल्यावर त्या सहसा आक्रसतात. सोनोग्राफीत ‘पिशवी थोडी मोठी’ किंवा ‘पिशवीला सूज’ एवढेच दिसले, तर तेवढ्यावरून शस्त्रक्रियेचा निर्णय होत नाही.

सर्वांत मोठी भीती कर्करोगाची. गर्भाशयमुखाचा कर्करोग बहुतांशी एचपीव्ही नावाच्या विषाणूच्या दीर्घकाळ टिकलेल्या संसर्गामुळे होतो आणि तो वाढण्यास बहुधा अनेक वर्षे लागतात. म्हणूनच तो वेळेत सापडू शकतो. याचा पुरावा आपल्या शेजारीच आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा मोठा अभ्यास झाला. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाचा त्यात सहभाग होता. २००९ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या गटात एचपीव्हीची तपासणी अवघी एकदा झाली, त्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. शेजारच्या गावांतील स्त्रियांनी जगाला दिलेला हा धडा आहे : भीतीला उत्तर तपासणीचे आहे. ९ ते १४ वर्षांच्या मुलींना एचपीव्हीची प्रतिबंधक लस द्यावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

काही लक्षणे मात्र क्षणभरही दुर्लक्षू नयेत. पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त जाणे, शरीरसंबंधानंतर रक्त जाणे, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्तस्राव होणे, रक्तमिश्रित दुर्गंधीयुक्त स्राव. यांसाठी तत्काळ तज्ज्ञांकडे जावे. शंका असल्यास तुकडा काढून तपासतात. कर्करोगाचे निदान त्यानेच पक्के होते.

शस्त्रक्रियेची भीती घालणे हा आमचा हेतू नाही. कर्करोग, औषधाने न थांबणारा रक्तस्राव, फार मोठ्या गाठी, अंग जास्त बाहेर येणे अशा प्रसंगी ती जीव वाचवते किंवा जगणे सुसह्य करते. परंतु तिशीतच गर्भाशयाबरोबर बीजकोषही काढले गेले, तर पाळी जाण्याचे परिणाम अकाली सुरू होतात : अंगाची लाही होणे, झोप उडणे, हाडे ठिसूळ होणे, हृदयविकाराचा धोका वाढणे. बीजकोष ठेवले तरी काही स्त्रियांत त्यांचे कार्य लवकर मंदावते. मोळी उचलून पोट भरणाऱ्या स्त्रीला ठिसूळ हाडे परवडत नाहीत.

म्हणून होकार देण्यापूर्वी चार प्रश्न अवश्य विचारावेत. माझ्या आजाराचे नेमके नाव काय? औषधाने किती काळ उपचार करून पाहता येतील? गर्भाशयमुखाची तपासणी झाली का? बीजकोष राहणार की काढणार? अहवालांच्या प्रती मागणे आणि दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घेणे हा रुग्णाचा हक्क आहे. बीडचे जिल्हा रुग्णालय आणि अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ शासकीय वैद्यकीय महाविद्यालय त्यासाठी आहेत. २०१९ नंतर जिल्ह्यात खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या पूर्वपरवानगीची अट घालण्यात आली, हेही ठाऊक असावे.

शिकून परिचारिका, आशाताई, शिक्षिका झालेल्या आमच्या माजी विद्यार्थिनींना आणि लिहितावाचता येणाऱ्या प्रत्येक मुलाला एक विनंती. यंदा टोळी निघण्यापूर्वी आईला, मावशीला, वहिनीला एकदा तपासणीस घेऊन जा. तिच्या हातातील कागद वाचून दाखवा आणि ती संकोचत असेल, तर हे चार प्रश्न तिच्या वतीने तुम्ही विचारा.