धरमतरचा मचवा

वडखळ नाक्यावरून अलिबागच्या रस्त्याला लागले, की थोड्याच वेळात धरमतरचा पूल येतो. सहलीला निघालेली मंडळी खाली पाहतातच असे नाही. खाली अंबा नदीची खाडी आहे, आणि ट्रक येण्यापूर्वी या मुलखाचा हमरस्ता तीच होती. ‘तर’ म्हणजे होडीने पलीकडे जाण्याची जागा. गावाच्या नावात ती अजून शिल्लक आहे. मुंबईहून धरमतरला येणाऱ्या आगबोटींच्या आठवणी पुष्कळांनी लिहिल्या. त्याच पाण्यातून माल वाहणाऱ्या मचव्याविषयी फारसे कोणी लिहिले नाही, म्हणून हा प्रपंच.

मचवा हा फत्तेमारीचा धाकटा भाऊ. फत्तेमारी दोन डोलकाठ्यांची, तिरकस शिडांची, थेट मलबारपर्यंत जाणारी. त्रिंकोमालीच्या गोदीतील जॉन एडी या इंग्रजाने 1834 साली छापलेल्या टिपणात मोठ्या फत्तेमारीची लांबी सुमारे 76 फूट आणि भार 200 टन दिला आहे. एवढे धूड अरुंद खाडीत काय कामाचे? मचवा लहान, म्हणून भरतीच्या पाण्यावर पार नागोठण्यापर्यंत जाई. पेणच्या मिठागरांतले मीठ आणि भात घेऊन तो ओहोटीबरोबर मुंबईकडे निघे. तांडेलाला घड्याळ नको, तिथी पुरे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरलेला मचवा आत आणायचा. अष्टमीच्या सुमाराला भांगाचे पाणी, तेव्हा जपून. पावसाळ्यात तो किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवायचा आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यात लोटायचा.

1986 साली रेल्वे रोह्यापर्यंत पोहोचली, त्या सुमारास मी या भागात बँकेच्या नोकरीत होतो. एक वयस्क तांडेल मचव्याला इंजिन बसवण्यासाठी कर्ज मागायला आले. तारण काय, तर मचवाच. 1958 च्या व्यापारी नौकानयन कायद्याखालचे नोंदणीचे कागद त्यांनी फडक्यात बांधून आणले होते : नाव, बंदर, वजन, मालक. चार पिढ्यांच्या धंद्याचा तेवढाच लेखी इतिहास. हप्त्याची तारीख ठरवू लागलो तेव्हा ते म्हणाले, “सायेब, तारीख नका घालू, उधाण घाला.” मला हसू आले, पण त्यात खोट काढता येईना. मी शिफारस केली. वरच्या कचेरीने प्रस्ताव परत पाठवला. शेरा होता : ‘मार्गावर मालाची शाश्वती नाही.’

शेरा कोरडा होता, पण खोटा नव्हता. मचवा संथ होता म्हणून हरला असे सांगतात. मला ते पटत नाही. मिठाचे पोते आगरातून बंदरावर, बंदरातून मचव्यात, मुंबईला मचव्यातून धक्क्यावर आणि तिथून गाडीत चढे. दर चढउताराला हमाली. ट्रक आगराच्या बांधाशी उभा राही तो व्यापाऱ्याच्या दारातच थांबे. इंजिन बसवून ही हमाली वाचणार नव्हती.

दोन वर्षांनी मचवा मोडीत निघाला. सागवान जुने, मुरलेले. गिऱ्हाईक लगेच मिळाले. तांडेलांचा मुलगा पुढे ट्रकवर क्लीनर म्हणून लागला.

खाडी मात्र रिकामी नाही. डोलवीच्या पोलाद कारखान्यासाठी खनिज आणि कोळसा घेऊन लोखंडी बार्ज याच पाण्यातून आत येतात. त्यांच्या पोटात शेकडो मचव्यांचा माल मावेल. तरीही भरलेल्या बार्जला आत शिरायचे तर भरतीची वाट पाहावी लागते.