वंध्यत्व : पुरुषाच्या आरोग्याची सूचना

अपत्य नसल्यास बोल सुनेलाच लागतो. वस्तुतः सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील कारणही आढळते. म्हणून पतीचीही वीर्यतपासणी प्रारंभीच व्हावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दर मिलिलिटरमागे १ कोटी ६० लक्ष शुक्रजंतू ही किमान संदर्भमर्यादा सांगितली.

मात्र प्रश्न केवळ अपत्याचा नाही. अशा पुरुषांत वृषणाचा कर्करोग, पुरुषी संप्रेरकाची उणीव व मधुमेह यांचे प्रमाण अधिक आढळते. त्यामुळे अपत्यप्राप्तीनंतरही वजन, रक्तदाब व रक्तशर्करा यांची तपासणी चालू ठेवावी. शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात. तंबाखू सोडल्यावर तेवढा धीर हवाच.

नागपुरातील नंदनवनच्या रहिवाशांना १९४७ मध्ये स्थापन झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. शिक्षक व पंचायत सदस्यांनी पुरुषांचा संकोच दूर केल्यास सुनेवरील बोलही टळेल.