ड्रोनच्या कंपासला वावडं लोखंडाचं, अपंगत्वाचं नाही

ड्रोन उडवायला दोन अंगठे पुरतात. एक हात अधू असेल तर तो रिमोट टेबलावर किंवा मांडीवरच्या ट्रेवर टेकवूनही चालवता येतो. गाडी अडते ती उड्डाणाआधी. पडद्यावर ‘कंपास कॅलिब्रेट करा’ अशी सूचना येते, शेजारच्या चित्रात धडधाकट माणूस उभा राहून ड्रोन दोन्ही हातांत धरून स्वतःभोवती गोल फिरताना दिसतो, आणि व्हीलचेअरवरच्या, कुबडी घेणाऱ्या किंवा हात थरथरणाऱ्या माणसाला वाटतं की हे आपलं काम नव्हे. हा समज चुकीचा आहे. पण तो का चुकीचा, हे कळायला कॅलिब्रेशनमध्ये नेमकं काय घडतं ते आधी पाहायला हवं.

ड्रोनच्या पोटात किंवा जीपीएसच्या डबीत मॅग्नेटोमीटर नावाची इवलीशी चिप असते. ती पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र तीन दिशांनी मोजते. हे क्षेत्र फार क्षीण असतं. महाराष्ट्रात ते साधारण ४० ते ४५ मायक्रोटेस्ला भरतं, तर फ्रिजवर चिकटवायच्या चुंबकाचं त्याच्या शंभरपट असू शकतं. शिवाय ड्रोनमध्येच मोटारींचे चुंबक, स्क्रू आणि बॅटरीच्या तारा असतात. त्यांची भर मूळ आकड्यात पडते. वाणी तेल मोजण्याआधी रिकाम्या भांड्याचा धडा करून घेतो, तसाच ड्रोनच्या अंगच्या लोखंडाचा धडा करणं म्हणजे कॅलिब्रेशन. ड्रोन सगळीकडे फिरवला की पृथ्वीचं क्षेत्र चिपच्या हिशेबाने दिशा बदलत राहतं, पण ड्रोनचं स्वतःचं लोखंड चिपसोबतच फिरत असल्यामुळे त्याची भर तेवढीच राहते. न बदलणारा भाग सॉफ्टवेअर वेगळा काढतं आणि वजा करतं.

एवढं ध्यानात ठेवलं की पुढचे गैरसमज सोडवणं सोपं जातं.

गैरसमज : प्रत्येक उड्डाणाआधी कॅलिब्रेशन करावंच लागतं.

वस्तुस्थिती : नाही. अपंग पायलटचे श्रम सगळ्यात जास्त वाचवणारी बाब हीच आहे. डीजेआय या ड्रोन कंपनीच्या अनेक मॉडेलांच्या पुस्तिकेत तीन प्रसंग दिलेले असतात : आधीच्या जागेपासून ५० किलोमीटरहून लांब उडवायचं असेल, ड्रोन ३० दिवसांहून जास्त पडून असेल, किंवा ॲप स्वतः इशारा देत असेल. स्वतः जोडलेल्या ड्रोनमध्ये जीपीएसची जागा बदलली, नवी मोटर किंवा बॅटरीची तार घातली, की पुन्हा करावं. एरवी चांगलं झालेलं कॅलिब्रेशन मोडून चुकीच्या जागी नवं करणं म्हणजे हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं.

गैरसमज : गाव बदललं की उत्तर दिशा बदलते, म्हणून कॅलिब्रेशन लागतं.

वस्तुस्थिती : भौगोलिक उत्तर आणि चुंबकीय उत्तर यांत फरक असतो हे खरं. अमेरिकेत सिएटलजवळ तो १५ अंशांच्या आसपास भरतो. पण हा फरक ड्रोन जीपीएसवरून स्वतःच भरून काढतो. त्यासाठी लागणारं जागतिक चुंबकीय मॉडेल दर पाच वर्षांनी नवं केलं जातं. महाराष्ट्रात तर हा फरक एका अंशाच्याही आत आहे. कॅलिब्रेशन होतं ते ड्रोनच्या लोखंडासाठी. गावाचा त्यात फारसा संबंध नसतो.

गैरसमज : माणसाला उभं राहून, दोन्ही हातांनी ड्रोन धरून गोल फिरावंच लागतं.

वस्तुस्थिती : चिपला फक्त ड्रोन कुठे वळला ते कळतं. तो कोणी वळवला, एका हाताने की दोन, बसून की उभ्याने, हे तिच्या गावीही नसतं. अडीचशे ग्रॅमच्या आतला ड्रोन एका तळहातावर आडवा फिरवता येतो, मग नाक खाली करून बोटांत उभा फिरवता येतो. काही मॉडेलांना कुशीवर अशी तिसरी बाजूही लागते. उभी फेरी उगाच नसते. आपल्याकडे चुंबकीय क्षेत्र आडवं नसतं, पंचवीसेक अंशांनी जमिनीकडे झुकलेलं असतं. शिवाय उडताना ड्रोन कलतोच. म्हणून तिन्ही अक्षांचा धडा व्हावा लागतो.

पकड कमजोर असेल तर ड्रोन छोट्या लाकडी पाटावर वेल्क्रोच्या पट्ट्यांनी बांधून पाटच दोन्ही कोपरांत धरून फिरवता येतो. फक्त पाट उलटा करून खिळे आहेत का ते पाहा. शंका असेल तर फोनमधलं कंपासचं ॲप उघडून फोन त्या वस्तूजवळ न्यावा. काटा हलला की लोखंड आहे असं समजावं. मग फोनही लांब ठेवावा, कारण त्याच्या स्पीकरमध्ये चुंबक असतो.

दुसऱ्याची मदत घेण्यातही कमीपणा नाही. दहा लिटरच्या टाकीचा फवारणी ड्रोन भरल्यावर पंचवीस किलोच्या आसपास जातो. तो रिकामा असतानाही पैलवानसुद्धा एकटा फिरवायला जात नाही, दोघं मिळून फिरवतात. पडदा पाहून ‘आता नाक खाली’, ‘आता डाव्या कुशीवर’ असं सांगणं हे पायलटचंच काम.

गैरसमज : हात थरथरत असेल तर कॅलिब्रेशन बिघडतं.

वस्तुस्थिती : हे सॉफ्टवेअरवर अवलंबून आहे. आर्डुपायलट या ड्रोनच्या सॉफ्टवेअरमध्ये ड्रोन वेगवेगळ्या दिशांना वळवत राहायचा असतो. बाजूंचा क्रम ठरलेला नसतो, वेगही एकसारखा लागत नाही. तिथे थरथर आड येत नाही, उलट नमुने जास्त दिशांचे मिळतात. पीएक्स-४ या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र प्रत्येक बाजूला आधी ड्रोन स्थिर धरावा लागतो, पडद्यावरचं चित्र पिवळं झालं की मगच फिरवायचा. ज्याचा हात स्थिर राहत नाही त्याने तिथे ड्रोन फोमच्या ठोकळ्यावर किंवा उशीवर टेकवावा, इशारा आला की वळवावा. अचानक झटका येणाऱ्याने रिमोट मांडीवर ठेवू नये, कारण काठ्यांना धक्का लागण्याची भीती असते.

गैरसमज : व्हीलचेअरवर बसून, ड्रोन मांडीवर ठेवून खुर्चीच गोल फिरवली की काम झालं.

वस्तुस्थिती : ही युक्ती सुचते सगळ्यांना, पण घात करते तीच. खुर्ची ड्रोनसोबत फिरली की तिची पोलादी नळी आणि मोटारींचे चुंबकही चिपच्या नजरेत ड्रोनचाच भाग ठरतात. सॉफ्टवेअर इमानदारीने खुर्चीचाही धडा करून घेतं. मग ड्रोन खुर्ची सोडून वर जातो, आणि जे लोखंड आता जवळ नाही ते वजा होत राहतं. खुर्ची जागेवर ठेवून मांडीवरच ड्रोन फिरवला तर उलट गोष्ट घडते : खुर्चीचं लोखंड प्रत्येक वळणावर वेगळ्या बाजूने येतं, आणि जे बदलत राहतं ते वजा करता येत नाही. दोन्हीकडून फसगत.

उपाय अंतराचा आहे. छोट्या चुंबकाचा प्रभाव अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतो. अंतर दुप्पट केलं की तो आठवा हिस्सा उरतो. हाताने चालवायची ॲल्युमिनियमची व्हीलचेअर असेल तर हात लांब करून ड्रोन बाजूला धरला तरी बरंच काम होतं. विजेवर चालणारी खुर्ची असेल तर ड्रोन दोन-तीन मीटर लांब प्लॅस्टिकच्या स्टुलावर ठेवून मदतनिसाने फिरवावा. लोखंडी कॅलिपर, पोलादी कुबड्या आणि मोटर असलेला कृत्रिम गुडघा यांनाही हेच लागू आहे.

गैरसमज : पायात रॉड किंवा मणक्यात स्क्रू असेल तर कंपास चुकतो.

वस्तुस्थिती : हाडांत बसवायचे रॉड, प्लेट आणि स्क्रू बहुधा टायटॅनियमचे किंवा शस्त्रक्रियेसाठीच्या विशिष्ट पोलादाचे असतात, आणि ते चुंबकाला जवळजवळ दाद देत नाहीत. त्यांची काळजी नको. पेसमेकर असलेल्यांनी मात्र ड्रोनच्या मोटारी छातीशी कवटाळू नयेत, साधारण वीतभर अंतर राखावं. हे कंपाससाठी नाही, त्यांच्या स्वतःच्या जिवासाठी.

गैरसमज : सपाट, पक्की जागा कॅलिब्रेशनला उत्तम.

वस्तुस्थिती : अपंग पायलटची खरी कोंडी इथे आहे. खुर्ची जाते तिथे रॅम्प असतो, पार्किंग असतं, गच्ची असते, आणि या सगळ्यांच्या पोटात सळ्यांचं जाळं. कंपासला हवी असलेली मोकळी माती खुर्चीच्या चाकांना नको असते. काही ॲप ड्रोन जमिनीपासून दीड मीटर वर धरायला सांगतात, ते याचसाठी. बसल्या जागेवरून ती उंची गाठता येत नसेल तर सळ्या नसलेली जागा शोधणं जास्त महत्त्वाचं.

लोखंड आणि विजेचा प्रवाह मोजमाप किती बिघडवतात याचा दाखला मुंबईतच आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकापासून चुंबकीय नोंदी होत असत. शहरात विजेवरच्या ट्राम येणार असं ठरलं, आणि १९०४ साली ते काम अलिबागला हलवावं लागलं. आज भारतीय भूचुंबकत्व संस्था तिथल्या नोंदी सांभाळते. वेधशाळेला गाव बदलावं लागलं, आपल्याला पार्किंगमधून मैदानाच्या कडेपर्यंत गेलं तरी पुरतं. एकदा चांगल्या जागी कॅलिब्रेशन झालं की रोजचं उड्डाण पक्क्या जागेवरूनही करता येतं. फक्त ड्रोन फरशीवर न ठेवता लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या टेबलावरून उडवावा. फरशीवर इशारा आला तर तिथेच कॅलिब्रेट करू नये. आधी जागा बदलून पाहावी.

गैरसमज : कंपास चुकला की ड्रोन कोसळतो.

वस्तुस्थिती : उंची बॅरोमीटर सांभाळतो, तोल जायरो सांभाळतात. कंपास सांगतो ते नाकाची दिशा. ती चुकली की जीपीएस म्हणतो ‘पूर्वेला सरक’ आणि ड्रोन भलतीकडे सरकतो, मग चूक सुधारताना आणखी भलतीकडे. जागेवर तरंगण्याऐवजी तो वाढत्या घेऱ्यात फिरू लागतो. पायलट याला टॉयलेट बाउल म्हणतात. काही ड्रोन अशा वेळी जीपीएसचा आधार सोडतात आणि वाऱ्याबरोबर वाहू लागतात. ‘घरी परत’ हे बटणही मग भरवशाचं राहत नाही. ज्याला ड्रोनमागे धावता येत नाही त्याला हे जास्त महागात पडतं.

गैरसमज : फिरवण्याला पर्यायच नाही.

वस्तुस्थिती : आहे, आणि तो मुळात अपंगांसाठी बनलेलाही नाही. मोठी विमानं उचलून फिरवता येत नाहीत म्हणून आर्डुपायलटमध्ये ‘लार्ज व्हेईकल मॅगकॅल’ ही सोय केली आहे. ड्रोन मोकळ्या जागी ठेवायचा, जीपीएस पक्का होऊ द्यायचा, नाक कोणत्या दिशेला आहे तेवढा आकडा भरायचा. पृथ्वीचं क्षेत्र तिथे किती असायला हवं हे मॉडेलवरून कळतं, उरलेला फरक तो ड्रोनच्या लोखंडाचा. पीएक्स-४ मध्येही अशी झटपट पद्धत आहे. पूर्ण फेऱ्यांइतका बारकावा यात येत नाही, कारण लोखंडामुळे क्षेत्राला पडणारा पीळ त्यातून निघत नाही. दोन जीपीएस अँटेना लावून दिशा काढणारे ड्रोन तर कंपासवाचूनही चालतात. बाजारातल्या बंद पेटीच्या ड्रोनमध्ये ही मुभा बहुधा नसते, तेव्हा खरेदीआधी हे विचारून घ्यावं.

गैरसमज : स्वतः कॅलिब्रेट करता येत नाही, म्हणजे परवाना मिळणार नाही.

वस्तुस्थिती : २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. त्यापुढे, जिथे ते लागतं तिथे, मूळ अटी वय १८ ते ६५, दहावी उत्तीर्ण आणि मान्य संस्थेतलं प्रशिक्षण अशा आहेत. ड्रोन स्वतः उचलता यावा अशी अट त्यांत नाही. प्रशिक्षण संस्था वैद्यकीय प्रमाणपत्र मागू शकते, म्हणून पैसे भरण्याआधी बोलून घ्यावं. आणि बोलताना ‘मला जमेल का’ असं मोघम विचारू नये. तुमच्याकडे कोणता ड्रोन आहे, त्याचं सॉफ्टवेअर कोणतं, कॅलिब्रेशन कुठे करता, मदतनीस चालतो का, हे चार प्रश्न विचारावेत. उत्तरं देणाऱ्याला कंपास कितपत कळतो, तेही त्यातून कळेल.