विष्णुपुरी ते गंजगोलाई

नांदेडजवळ विष्णुपुरीला गोदावरी अडवली आहे. तिथेच १९८१ साली राज्य सरकारने श्री गुरुगोविंदसिंहजी अभियांत्रिकी संस्था उभारली. पण तिची खरी पायाभरणी मला त्याआधीच्या चळवळीत दिसते. १९७४ साली मराठवाड्याचे विद्यार्थी विकासाच्या मागणीसाठी रस्त्यावर उतरले, ज्येष्ठ नेते गोविंदभाई श्रॉफ पाठीशी उभे राहिले. आमच्याकडे नेतृत्वाची शाळा आधी भरली, यंत्रशाळा नंतर आली. स्वामी रामानंद तीर्थ हे हिप्परगा आणि अंबाजोगाईच्या शाळांत शिकवणारे संन्यासी; हैदराबाद संस्थानातला मुक्तिलढा त्यांनी चालवला. १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मराठवाडा मुक्तिदिनीच, त्यांच्या नावाचं विद्यापीठ विष्णुपुरीत स्थापन झालं. लातूरला त्याचं उपकेंद्र आहे.

नेतृत्व आलं, विद्या आली; उद्योजकतेचा धागा मात्र कच्चा राहिला. निजामाच्या काळातली उस्मानशाही गिरणी नांदेडची ओळख होती. ती बंद पडली. त्याच शहरालगतच्या संस्थेत आजही वस्त्र-तंत्रज्ञान शिकवलं जातं. गिरणी गेली आणि विद्या राहिली, याची मला फार रुखरुख वाटते.

लातूरचं उलट, तिथे व्यापार टिकला. गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात आणि शहराचा व्यापार तिथून पसरतो. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित महाविद्यालयांना दार उघडलं. त्याच वर्षी इथे बिडवे अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झालं. पुढे 'लातूर पॅटर्न' गाजला. सराव परीक्षा, पुन्हा पुन्हा सोडवलेल्या प्रश्नपत्रिका, पहाटेचा अभ्यास. खेड्यातल्या पोरांना या शिस्तीने मोठ्या महाविद्यालयांची दारं उघडून दिली, हे मी मनापासून मानतो. पण निकालाचा आकडा लागला की पोरगं पुण्याला निघतं, आणि बापाच्या शेतातली तूर मोंढ्याच्या बाजारात एकटीच जाते.

त्या तुरीमागे जा. डाळमिलमध्ये ती चाळली जाते, एमरीच्या रोलरवर तिच्या सालीला ओरखडे पाडतात, तेल-पाण्याचा हात देऊन उन्हात वाळवतात, मग भरडतात. साल सुटली नाही तर दाणा फुटतो, चुनी वाढते, भाव पडतो. किती तेल, किती ऊन, हे जुना मिस्त्री दाणा दाताखाली धरून सांगतो. उष्णता, ओलावा, घर्षण असा अभियांत्रिकीचा अख्खा धडा तिथे रोज घडतो. पदवी मात्र डाळमिलच्या अंगणात फारशी फिरकत नाही.

२०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने प्रत्येक विद्यापीठात नवोपक्रम आणि उद्योगांशी दुवा जोडणाऱ्या संचालकाचं पद आणलं. नांदेडच्या विद्यापीठासाठी हा दुवा दूर शोधायला नको. पौष-माघात नवी तूर आली की डाळमिलच्या अंगणात ताडपत्र्या पसरतात. विद्यार्थ्याने त्या वेळी तिथे महिनाभर राहावं, मिस्त्रीच्या दाताखालची ती खूण ओलावा मोजणाऱ्या यंत्रावर उतरवावी, आणि हिशेब मालकासमोर मांडावा.