टाळीच्या पलीकडचा गोवळकोंडा

चारमिनारपासून अकराएक किलोमीटरवर असलेल्या गोवळकोंड्याला जाणाऱ्यांच्या पदरात दोन गोष्टी हमखास पडतात. बालाहिसार दरवाजाच्या घुमटाखाली वाजवलेली टाळी टेकडीच्या माथ्यावरच्या बारादरीत ऐकू येते, ही एक. आणि हिऱ्यांची कहाणी, ही दुसरी. हिरे इथल्या जमिनीतून निघत नव्हतेच. ते कृष्णाकाठच्या कोल्लूरसारख्या खाणींतून यायचे आणि इथे त्यांची बाजारपेठ होती. टाळीचे म्हणाल तर ती नुसती गंमत नव्हे. खालच्या पहाऱ्यातून वर इशारा पोचवण्याची ती सोय होती, असे सांगतात आणि ते पटण्यासारखेही आहे. पण शत्रू आल्याची वर्दी मिळाली तरी पुढे महिनोन्‌महिने तग कशाच्या जोरावर धरायचा? कुतुबशाही कारभाऱ्यांनी आपली खरी अक्कल खर्च केली ती या प्रश्नावर. म्हणून गोवळकोंडा समजून घ्यायचा असेल तर त्याचे पाणी आणि धान्य पाहायला हवे.

सह्याद्रीतल्या गडांवर पाऊस धो धो कोसळतो. माथ्यावरच्या कातळात टाकी खोदली की वर्षाची बेगमी होते. गोवळकोंड्याच्या नशिबी तसा पाऊस नाही. सुमारे 120 मीटर उंचीची ग्रॅनाइटची ही टेकडी, आणि तिच्यावर व पायथ्याशी राजवाडे, हमामखाने, मशिदी, शिबंदी. काकतीयांच्या काळातल्या मातीच्या गढीला इब्राहिम कुतुबशहाने (1550-1580) दगडी तटबंदी चढवली. हुसेन सागर तलावही त्याच्याच कारकिर्दीतला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. दुर्गम चेरुवू या तलावाचे पाणी मातीच्या नळांतून किल्ल्याकडे आणले जाई. तिथून ते रहाटांनी एका हौदातून वरच्या हौदात, तिथून आणखी वरच्या हौदात असे टप्प्याटप्प्याने चढवायचे आणि मग उतारावरून खालच्या महालांत, कारंज्यांत सोडायचे, अशी रचना होती. हे सारे आज मोडून पडले आहे, मग पाहायचे काय, असे कुणी विचारील. पण पडझडीमुळेच ते दिसते. भिंतीचा गिलावा जिथे निखळला आहे तिथे एकात एक बसवलेले भाजक्या मातीचे नळ उघडे पडले आहेत, आणि त्यांच्याभोवती चुन्याचा जाड थर आहे. वरचे पाणी खाली येताना दाब वाढतो. मातीचा नळ एकटा तो सोसणार नाही, म्हणून त्याला चुन्यात आणि दगडात गाडून टाकले. महाल अखंड उभा असता तर हे कुणाला दिसले नसते.

बालेकिल्ल्याच्या चढणीवर धान्याचा अंबरखाना लागतो. पन्हाळ्याचे अंबरखाने पाहिलेल्या मराठी माणसाला त्याचे काम सांगायला नको. अब्दुल्ला कुतुबशहाच्या काळातला, 1642 सालचा फारसी शिलालेख इथला आहे. त्यानंतर चौदा वर्षांनी, 1656 मध्ये, शहाजादा औरंगजेब पहिल्यांदा किल्ल्यावर चालून आला. तटाबाहेरच्या एका उंचवट्यावरून तोफा डागता येतात हे तेव्हा ध्यानात आले. मग तो उंचवटाच तटात घेऊन ‘नया किल्ला’ बांधला गेला.

या तयारीची कसोटी 1687 मध्ये लागली. त्याआधी 1685 मध्ये मोगलांनी हैदराबाद शहर लुटले होते. शहराला तेव्हा तट नव्हता, म्हणून अबुल हसन कुतुबशहा गोवळकोंड्याच्या आश्रयाला गेला. कर्नाटकाच्या स्वारीवर निघालेल्या शिवाजी महाराजांचे 1677 मध्ये भागानगरात, म्हणजे हैदराबादेत, स्वागत करणारा सुलतान तो हाच. 1686 मध्ये विजापूर पडले ते तट कच्चा होता म्हणून नव्हे. आत दाणावैरण संपत आली होती. गोवळकोंड्यात उलटेच घडले. वेढा सुमारे आठ महिने चालला आणि उपासमार, रोगराई, चिखल हे सारे भोगले ते बाहेरच्या मोगली छावणीने. त्यांनी पेरलेले सुरुंग त्यांच्यावरच उलटले. शेवटी सप्टेंबरात अब्दुल्ला खान पन्नी या सरदाराने फितुरीने दरवाजा उघडला. किल्ला अखेर पडलाच ना, मग या व्यवस्थेचे कौतुक कशाला, हा आक्षेप मला टिकाऊ वाटत नाही. फितुरीवर कोणताही हौद किंवा कोठार उपाय नाही. भूक आणि तहान यांच्यावर उपाय होता, आणि तो लागू पडला.

याहून अवघड आक्षेप वेगळा आहे. पाण्याची इतकी चोख सोय होती, तर महंमद कुली कुतुबशहाने 1591 मध्ये मुसीच्या काठी नवे शहर का वसवले? गोवळकोंड्यातली दाटी आणि पाण्याची टंचाई ही कारणे नेहमी दिली जातात. ती खरी मानली तरी माझ्या म्हणण्याला बाध येत नाही. रहाटाने वर चढवलेला प्रत्येक घडा महाग असतो. दरबार आणि शिबंदी यांचे त्यावर भागते. व्यापारी, कारागीर आणि रोज वाढणारी वस्ती यांचे भागत नाही. शहराला नदी लागते. म्हणूनच राजधानी खाली गेली तरी किल्ला कुणी मोडीत काढला नाही.

तेव्हा हैदराबादच्या सहलीत गोवळकोंडा तासाभरात उरकू नका. टाळी वाजवा, पण मग चढताना भिंतीतले नळ शोधा, वाटेतल्या हौदांची उंची एकमेकांशी ताडून पाहा, अंबरखान्यापाशी थांबा. वाटाड्या तिथे न थांबता पुढे निघाला, तर त्याला थांबवा आणि पाणी वर कसे जायचे ते विचारा.