लहान कचेरीचा पहारेकरी
अँटीव्हायरस निवडताना काय पाहावे?

मे २०१७ मधील एका सोमवारची सकाळ. केरळातील वायनाड जिल्ह्यातल्या एका ग्रामपंचायतीची कचेरी उघडली, संगणक सुरू झाले. परंतु पडद्यावर नेहमीच्या नोंदींऐवजी एक धमकी उमटली. तुमच्या फायलींना कुलूप लागले आहे, त्या हव्या असतील तर ३०० डॉलर किमतीचे बिटकॉइन हे आभासी चलन भरा, असा तिचा आशय होता. ‘वॉनाक्राय’ नावाच्या या उत्पाताने काही दिवसांतच दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक ग्रासले. त्यात इंग्लंडमधील मोठमोठी रुग्णालये होती, तशीच ही लहानशी कचेरीही होती.

‘आमच्या चार संगणकांत चोरण्यासारखे आहे तरी काय?’ असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने या घटनेचा विचार करावा. असले उपद्रवी प्रोग्राम घर पाहून येत नाहीत. दार उघडे दिसेल तेथे शिरतात. इंदूरमधील कर-सल्लागार असो, बेळगावातील पतसंस्था असो की बडोद्यातील छापखाना असो, ग्राहकांच्या नोंदी, कामगारांचे पगार आणि वर्षानुवर्षांचे हिशेब आज संगणकातच असतात. ते गेले की कचेरीचे दार उघडे असूनही कामकाज बंद पडते.

हा पहारेकरी काम कसे करतो?

अँटीव्हायरस दोन प्रकारे पहारा करतो. पहिला प्रकार ओळखपरेडीचा. ज्ञात व्हायरसांच्या खुणांची यादी त्याच्याजवळ असते, आणि येणारी प्रत्येक फाइल तो त्या यादीशी ताडून पाहतो. ही यादी रोज नवी झाली नाही तर कालचा पहारेकरी आजच्या चोराला ओळखणार नाही. दुसरा प्रकार वर्तनावर नजर ठेवण्याचा. एखादा प्रोग्राम अचानक शेकडो फायली भराभर बदलू लागला, तर तो अनोळखी असला तरी त्याला रोखले जाते. कुलूप घालून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामांविरुद्ध हा दुसरा प्रकार विशेष उपयोगी पडतो. म्हणून निवडताना दोन्ही सोयी आहेत याची खात्री करून घ्यावी.

खरेदीपूर्वीची मोजदाद

दुकानात जाण्यापूर्वी एक कागद घ्या. त्यावर कचेरीतील सर्व संगणक, त्यांची विंडोज-आवृत्ती व वय लिहा. सामाईक फायली ठेवणारा सर्व्हर असल्यास तो वेगळा लिहा, कारण घरगुती वापराचे अँटीव्हायरस पुष्कळदा सर्व्हरवर चालत नाही. जेथे अजून विंडोज १० आहे तेथे खूण करा. त्या आवृत्तीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. दुबळ्या भिंतीच्या घराला केवळ पहारेकरी पुरत नाही.

दोन-तीनच संगणक असतील तर विंडोज ११ मध्ये अंगभूत येणारा डिफेंडर, तो सदैव चालू आणि अद्ययावत राहील अशी दक्षता घेतल्यास, बऱ्यापैकी संरक्षण देतो. संगणक आठ-दहा झाले की अडचण निराळीच येते. कोणाची यादी जुनी झाली, कोणी पहारा बंद करून ठेवला, हे रोज जागेवर जाऊन कोण पाहणार? अशा कचेरीने व्यवसायासाठीची आवृत्ती घ्यावी. तिच्यात एकाच पडद्यावर सर्व संगणकांची स्थिती दिसते. शिवाय पासवर्डावाचून कोणालाही पहारा बंद करता येणार नाही, अशी व्यवस्था करता येते. ही सोय क्षुल्लक समजू नका. एखाद्या प्रोग्रामची चोरटी प्रत बसविताना ‘आधी अँटीव्हायरस बंद करा’ अशी सूचना येते, आणि घाईतला माणूस ती निमूटपणे पाळतो. संकट याही वाटेने येते.

नाव, किंमत आणि कसोटी

बाजारात देशी आणि विदेशी अशी अनेक नावे आहेत. पुण्याच्या काटकर बंधूंनी गणनयंत्रे दुरुस्त करण्याच्या दुकानापासून आरंभ करून ‘क्विक हील’ उभे केले, याचा मराठी वाचकांना अभिमान वाटणे साहजिक आहे. तथापि निवड अभिमानाने किंवा जाहिरातीने न करता कसोटीने करावी. जर्मनीतील ‘एव्ही-टेस्ट’ ही संस्था संरक्षण, संगणकाचा वेग आणि वापरातील सुलभता अशा तीन बाबींना प्रत्येकी सहापैकी गुण देते. ऑस्ट्रियातील ‘एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज’ ही संस्थाही अशाच चाचण्या घेते. एकाच निकालावर न विसंबता लागोपाठचे काही निकाल पाहावेत.

मग विक्रेत्याला विचारा: दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाला किती पडेल? अडचण आल्यास मदत कोणत्या भाषेत व किती वेळात मिळेल? चाचणीपुरते मोफत वापरता येईल काय? मोफत मिळाले तर ते कचेरीतील सर्वांत जुन्या संगणकावर बसवून आठवडाभर नेहमीचे हिशेबाचे काम करून पाहा. ज्याने काम रेंगाळते ते अँटीव्हायरस कर्मचारी आज ना उद्या बंद करणारच.

औषधाचाही अपाय

एका संगणकावर दोन अँटीव्हायरस बसवू नका. दोघे परस्परांच्या कामात अडथळा आणतात. रक्षकही चुकू शकतो, हेही ध्यानी ठेवा. १९ जुलै २०२४ रोजी ‘क्राउडस्ट्राइक’ या सुरक्षा-कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले आणि अनेक देशांतील विमानसेवा विस्कळीत झाल्या.

म्हणूनच शेवटचा आधार बॅकअपचा. महत्त्वाच्या फायलींच्या मूळ प्रतीखेरीज आणखी दोन प्रती असाव्यात, आणि त्यांपैकी एक कचेरीबाहेर असावी. बॅकअपची हार्ड डिस्क काम संपताच काढून ठेवावी, नाही तर कुलूप घालणारा प्रोग्राम तिलाही कुलूप घालील. महिन्यातून एकदा त्या प्रतीतील एखादी फाइल उघडूनही पाहावी.

एवढे करूनही आघात झालाच तर त्या संगणकाची नेटवर्कची तार काढा, वायफाय बंद करा, आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे साहाय्य क्रमांक १९३० वर कळवा. खंडणी भरल्याने फायली परत मिळतीलच, याची कोणी हमी देत नाही.

आरंभी सांगितलेल्या घटनेतील एक गोष्ट मुद्दाम मागे ठेवली होती. ‘वॉनाक्राय’ ज्या फटीतून शिरला, ती बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच, १४ मार्च २०१७ रोजी, दिली होती. ती असंख्य ठिकाणी कोणी बसविलीच नाही. तेव्हा वाचकहो, अँटीव्हायरस कोणते घ्यावे हा प्रश्न महत्त्वाचा खराच. परंतु त्याआधी कचेरीतील एका माणसाचे नाव निश्चित करा. दर सोमवारी दहा मिनिटे काढून सर्व संगणकांचे अपडेट, पहारा आणि बॅकअप पाहणे हे त्याचे नेमून दिलेले काम असावे. असा माणूस असेल तर साधेही अँटीव्हायरस चांगले काम देईल. तो नसेल तर महागडेही व्यर्थ ठरेल.